ऊसतोड टोळ्यांसाठी समुपदेशक तयार करायचेत: अमेरिकेतल्या लॅटिनो प्रशिक्षणातून काय उचलावं, काय सोडावं?

करवीरवाट

नमस्कार मंडळी. प्रश्न नेमका आहे, म्हणून तपशील जरा लांबण लावून देतो.

सप्टेंबरअखेरीस कोल्हापुरात २४ जणांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. १४ जण एमएसडब्ल्यू, ६ एमए मानसशास्त्र आणि ४ जणी गावपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या. गळीत हंगाम सुरू झाला की हे सगळे शिरोळ आणि करवीर तालुक्यांतल्या ऊसतोड कामगारांच्या तळांवर जातील. कामगार मुख्यतः बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडचे. काही टोळ्या लमाण तांड्यांवरच्या. प्रशिक्षणासाठी पाच दिवस मंजूर आहेत.

मुलूख परका, मजुरी हंगामी, बोली वेगळी, अशा लोकांना समुपदेशन कसं द्यावं याचं तयार साहित्य शोधायला गेलं की बहुतेक सगळं अमेरिकेतल्या लॅटिनएक्स, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या (लॅटिनो) समाजाबद्दलचं निघतं. तिथं समुपदेशक घडवण्यावर भरपूर काम झालंय. पण ते जसंच्या तसं मराठीत आणलं तर कोल्हापुरातल्या पोरांना त्याचा काय उपयोग, असं वाटतं. त्यातलं काय टिकाऊ आहे? पाच दिवस कसे वापरावेत? आणि कोपीत (कामगारांच्या झोपडीत) बसून पीएचक्यू-९ सारखी नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरून घेण्यात अर्थ आहे का?

"संवेदनशील राहा" छापाची उत्तरं नकोत, ती सगळ्या मॅन्युअलमध्ये आहेत.

शब्दवेध

आधी सोडायचं काय ते सांगतो, कारण वेळ तिथंच जातो.

अमेरिकेतल्या या प्रशिक्षणाचा सांगाडा १९९२ साली स्यू, अरेडोंडो आणि मॅकडेव्हिस यांनी मांडलेल्या क्षमतांवर उभा आहे: स्वतःच्या पूर्वग्रहांची जाण, समोरच्याच्या जगाचं ज्ञान आणि प्रत्यक्ष कौशल्य. सांगाडा चांगला आहे. घोटाळा होतो तो मधल्या खणात. लॅटिनो म्हणजे कुटुंबाला धरून राहणारे, वडीलधाऱ्यांचा मान राखणारे, ओळख झाल्याशिवाय न बोलणारे, अशी यादी फळ्यावर लिहितात आणि प्रशिक्षणार्थी ती पाठ करून बाहेर पडतो. वास्तविक त्या एका नावाखाली मेक्सिकन, क्युबन, साल्वादोरचे, पोर्तो रिकोचे असे सगळे येतात. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे, त्यांना हद्दपारीची भीती नाही. शेजारी बसलेल्या कागदपत्रं नसलेल्या ग्वाटेमालनला तीच भीती रात्रंदिवस खाते, आणि त्याची घरची भाषा स्पॅनिश नसून एखादी मायन भाषा असू शकते. यादी दोघांनाही लागू नाही. तुमच्याकडे "मराठवाड्याचा माणूस असा असतो" ही स्लाइड करू नका. वंजारी टोळी, मातंग टोळी, लमाण टोळी एकाच तळावर असली तरी पाणी भरायच्या जागेपासून बोलण्यापर्यंत सगळं वेगळं असतं.

आता घेण्यासारखं. पहिली गोष्ट म्हणजे सांस्कृतिक मुलाखत. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मनोविकार-निदानाच्या पुस्तकात, १६ प्रश्नांचा एक संच आहे. पहिले तीन प्रश्न त्रास काय आहे ते माणसाच्याच शब्दांत काढतात. चार ते दहा हे कारण, परिस्थिती, आधार आणि ओळख यांबद्दल. अकरा ते तेरा आतापर्यंत काय काय करून पाहिलं आणि कशानं अडलं याबद्दल. चौदा ते सोळा आत्ता काय हवंय आणि आपल्या दोघांत काही अडसर आहे का याबद्दल. हा संच यादीच्या बरोबर उलट काम करतो, समोरच्या एका माणसाकडून शिकतो. सगळे सोळा प्रश्न तळावर होणार नाहीत. तीन पाठ करून घ्या: तुमच्या घरच्यांना हे कसं सांगाल? हे कशामुळं होतंय असं तुम्हाला वाटतं, आणि घरचे काय म्हणतात? याच्यावर आतापर्यंत काय केलंत? तिसऱ्याचं उत्तर देवरशी, अंगारा, मेडिकलमधली गोळी, देशी दारू असं काहीही येईल. ऐकताना चेहरा हलता कामा नये. चळवळीतून आलेल्या पोरांना हे जड जातं. करणी-भानामती कानावर पडली की ती तिथंच प्रबोधन सुरू करतात आणि बाई गप्प होते.

दुसरी गोष्ट देखरेखीची भाषा. अमेरिकेत वारंवार दिसलेली अडचण अशी: विद्यार्थी घरी स्पॅनिश बोलत वाढलेला, म्हणून स्पॅनिश बोलणारे सगळे रुग्ण त्याच्याकडे. पण त्याचं शिक्षण इंग्रजीत, देखरेख करणाऱ्याला स्पॅनिश येत नाही. घरगुती भाषेत जेवणखाण जमतं, मरणाचा विचार कसा विचारायचा ते त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. तुमच्या २४ जणांत एखादी लमाण मुलगी असेल तर तिचं नेमकं हेच होईल. ती गोरमाटीत (लमाणांच्या बोलीत) बोलेल आणि अहवाल प्रमाण मराठीत लिहील, मधलं सगळं सांडेल. तिच्यासाठी गोरमाटी जाणणारा कुणी तरी देखरेखीला बसवा, निदान पंधरवड्यातून एकदा. आणि आत्महत्येचे, मारहाणीचे, पाळीचे प्रश्न तिच्याकडून गोरमाटीत मोठ्यानं म्हणवून घ्या. कागदावर लिहून नव्हे, तोंडानं.

तिसरं, मुलांना दुभाषे करायचं नाही. लॅटिनो घरांत पोरं दवाखान्यात आईबापांसाठी बोलतात आणि त्याचं ओझं पोरांवर येतं, हे तिथं चांगलंच माहीत झालंय. तळावर शाळेत जाणारी दहा-बारा वर्षांची पोरगी चटकन पुढं येते, "मी सांगते मावशी" म्हणत. तिला प्रेमानं दुसरं काम द्या. दुभाषी घ्यावीच लागली तर आधी दहा मिनिटं तिच्याशी बोलून घ्या: "ती म्हणते" नाही, "मी" असंच बोलायचं, गाळायचं नाही, सल्ला जोडायचा नाही, आणि आजचं इथंच ठेवायचं. बसायची जागा तुमच्या शेजारी, जरा मागं, म्हणजे बाई तुमच्याकडं बघून बोलते. संपल्यावर पुन्हा पाच मिनिटं, कारण ऐकून तिलाही त्रास होतो.

पाच दिवसांबद्दल: सलग घेऊ नका. दोन दिवस, मग आठ-दहा दिवसांची फट, पुन्हा दोन दिवस, आणि शेवटचा दिवस हंगाम सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी. फटीत प्रत्येकानं दोन सराव-मुलाखती फोनवर रेकॉर्ड करून आणायच्या. खऱ्या माणसाच्या नव्हे, सहकाऱ्याच्या.

एकूण वेळेचा निम्म्याहून जास्त भाग तिघांच्या गटात जाऊ द्या: एक समुपदेशक, एक अशील, एक निरीक्षक. २४ जणांचे आठ गट, म्हणजे किमान चार प्रशिक्षक लागतील. एकट्यानं आठ गट बघितले तर तीन गट गप्पाच मारत बसतात. वीस मिनिटं संवाद, दहा मिनिटं अभिप्राय, मग जागा बदल. अशिलाची भूमिका एमएसडब्ल्यूच्या पोरांनी केली की ती सिनेमातल्यासारखं रडतात. त्यापेक्षा आधी ऊसतोडीला जाऊन आलेल्या दोन-तीन जणींना मजुरी देऊन बोलवा आणि प्रसंग त्यांनाच बेतू द्या. स्वतःची कहाणी मात्र त्यांना वापरू देऊ नका, बेतलेलीच हवी.

गुणांकनासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या इक्विप या मोफत संचातली इनॅक्ट पट्टी घ्या. तिच्यात प्रत्येक कौशल्याला चार पायऱ्या आहेत आणि सगळ्यात खालची पायरी म्हणजे नुकसान करणारं वागणं. आपल्याकडची तशी वाक्यं ठरलेली आहेत: "पोरांकडं बघून दिवस काढायचे", "दारू सगळेच पितात हो", "तुमच्यापेक्षा वाईट हाल असलेले बघितलेत आम्ही", "सगळं नीट होईल, मी आहे ना". यातलं एक जरी तोंडातून आलं तर तिथल्या तिथं थांबवून प्रसंग पुन्हा घ्यायचा, शेवटपर्यंत वाट बघायची नाही. चौथ्या दिवशीही जो खालच्या पायरीवर आहे त्याला तळावर पाठवू नका, नोंदणीचं काम द्या. हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाही तर रुसवेफुगवे होतात.

टायरगाडी

वरचं सगळं पटतं, पण हे सगळं घडणार कधी आणि कुठं? प्रशिक्षणात निम्मा दिवस याच्यावर द्या, नाही तर पोरं अकरा वाजता पांढऱ्या गाडीतून उतरतील आणि तळावर दोन म्हाताऱ्या आणि कुत्री सोडून कुणी भेटणार नाही.

टोळीचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाई आधी उठते, भाकरी-कालवण करून बांधते, मग फड. तोडणी, मोळ्या बांधणं, भरणं. टायरबैलगाडीवाला कारखान्यावर वजनकाट्याच्या रांगेत अडकला तर रात्र होते. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीचं आणखी वेगळं, वाहन येईल तेव्हा भरायचं, रात्री अकराला आलं तर अकराला. रविवार वगैरे काही नाही. मोकळा वेळ मिळतो तो कारखाना बंद पडला की, आठवडी बाजाराच्या दिवशी सांजच्याला, आणि हंगामाच्या तोंडाला ऊसदराचं आंदोलन पेटलं की. जयसिंगपूरची ऊस परिषद झाली आणि तोड थांबली तर टोळ्या आठ-आठ दिवस तळावर बसून राहतात. तेव्हा भेटी होतात, पण लक्षात ठेवा, त्या दिवसांत कमाई शून्य आणि उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) तशीच डोक्यावर. माणसं तेव्हाच जास्त कावलेली असतात.

टायरबैलगाडीवाले साधारण हंगामभर कारखान्याजवळच्या एका जागी राहतात. ट्रकच्या टोळ्या गावोगाव फिरतात, आज नांदणीत तर दहा दिवसांनी दुसरीकडं. पाच आठवड्यांचा समुपदेशनाचा कार्यक्रम पहिल्यांना चालेल. दुसऱ्यांना प्रत्येक भेट हीच शेवटची धरून चालायचं, एका भेटीत एक काम पुरं करायचं आणि फोन नंबर देऊन निघायचं. तोही तिचाच फोन आहे का ते विचारून. बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुकादमाच्या पोराचा असतो.

जागा. कोपी म्हणजे ताडपत्री नाही तर पाचट, बांबू आणि मधे तीन हाताचं अंतर. शेजारणीला खोकला ऐकू येतो तिथं गुपित कसलं? अंगणवाडीची खोली, आरोग्य उपकेंद्र, लसीकरणाचा दिवस, या जागा धरा. लसीकरणाला बाई गेली तर कुणी विचारत नाही कुठं गेलतीस. "समुपदेशन शिबिर" असा फलक लावलात तर मुकादमच पहिल्या रांगेत येऊन बसणार. मुकादमाला टाळून तळावर जाता येत नाही, आणि त्याच्यामार्फत गेलं तर कुणी बोलत नाही. मार्ग एवढाच: त्याला पहिल्या दिवशी भेटायचं, आरोग्याचं काम आहे म्हणून सांगायचं (खोटं नाहीच ते), कुणाला भेटणार याची यादी द्यायची नाही आणि त्याचा चहा घेऊन पुढं जायचं. रोज त्याच्या खाटेवर बसणारा समुपदेशक बाद.

अजून एक. वहीत उचलीचे आकडे आणि नावं एकत्र लिहू नका. वही हरवते, सापडते, वाचली जाते.

मनोविकार_ओपीडी

प्रश्नावलीबद्दल. पीएचक्यू-९ वापरा, पण तोंडी, आणि डोळे उघडे ठेवून. ० ते २७ गुण. ५, १०, १५, २० या पायऱ्या. ऊसतोडीतल्या बाईला थकवा, झोप, भूक या तीन प्रश्नांवर फुकटात सहा-सात गुण मिळतात, कारण ती खरंच चार तास झोपते आणि तिला बहुधा रक्तक्षयही असतो. म्हणून निव्वळ १० च्या वर गेली एवढ्यावर नैराश्याचा शिक्का मारू नका. पहिले दोन प्रश्न आधी बघा: कशात रस न वाटणं आणि मन उदास असणं. या दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त असेल तर पुढं जा. फक्त शरीराचेच प्रश्न वर असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

"काही दिवस", "निम्म्याहून जास्त दिवस", "जवळजवळ रोज" हे पर्याय ऐकून लोक गोंधळतात आणि मधला पर्याय देऊन मोकळे होतात. सोपा उपाय: १४ चिंचोके समोर ठेवा. मागच्या दोन बाजारांमधले आणि त्यापुढचे असे १४ दिवस. "यातले किती दिवस असं वाटलं, तेवढे बाजूला करा." एकापर्यंत ०, दोन ते सहा म्हणजे १, सात ते अकरा म्हणजे २, बारा ते चौदा म्हणजे ३. याचा सराव प्रशिक्षणातच करून घ्या, पहिल्यांदा करताना हात आणि तोंड एकत्र चालत नाहीत.

नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. तो शून्य सोडून काहीही आला तर प्रश्नावली बाजूला ठेवायची आणि सरळ विचारायचं: जीव द्यायचा विचार येतो का, कसा द्यायचं ठरवलंय, ते साधन जवळ आहे का, याआधी कधी केलंय का, आणि आजपर्यंत कशानं थांबलात. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज पहिल्याच दिवशी काढून टाका. आपल्या भागात साधन म्हणजे बहुतेक वेळा तणनाशक किंवा कीटकनाशक, आणि ते फडाच्या मालकाच्या शेडमध्ये उघडं पडलेलं असतं. मालकाला कारण न सांगता "पोरं फिरतात, कुलूप लावा" एवढं सांगता येतं.

पॅराक्वाट तणनाशकाबद्दल सगळ्यांना घोकून घ्या: घोटभर घेतलं, उलटी झाली, आता बरं वाटतंय, म्हणून घरी ठेवायचं नाही. त्याला उतारा नाही आणि माणूस पहिल्या दिवशी चांगला दिसतो. त्याच तासाला कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं सरकारी रुग्णालय, बाटली सोबत घेऊन. लोक पोलिसाच्या भीतीनं लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. दवाखान्यात वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते, ती होणारच, तिला घाबरून घरी थांबू नका, हेही स्पष्ट सांगावं.

आता अंगात येणं, दातखीळ, थरथर, किंचाळणं. लॅटिनो साहित्यात 'अताके दे नेर्व्हिओस' म्हणून प्रकार येतो, रडणं, ओरडणं, थरथरणं, छातीतून डोक्याकडे चढणारी उष्णता, बहुधा घरातल्या एखाद्या धक्क्यानंतर. आपल्याकडचं चित्र वेगळं असलं तरी शिकण्याची शिस्त तीच: आधी फिट नाही ना ते बघा. जीभ बाजूनं चावली का, कपड्यात लघवी झाली का, नंतर बराच वेळ भान नव्हतं का, झोपेत येते का? यातलं काहीही हो असेल तर डॉक्टरकडे. डोळे घट्ट मिटलेले, उघडायला गेलं तर विरोध, बराच वेळ चाललेलं आणि भांडणानंतर आलेलं, तर मनाच्या ताणाचं असण्याची शक्यता जास्त. पण खात्री समुपदेशकानं द्यायची नाही. पाच मिनिटांच्या पुढे झटके चालू राहिले तर १०८. तोंडात चमचा नाही, नाकाला चप्पल नाही, कुशीवर वळवून ठेवायचं.

औषधांचं एक. रुग्ण आमच्याकडे पाठवताना चिठ्ठीवर उठायची वेळ लिहा. पहाटे तीनला उठून हातात कोयता धरणाऱ्या माणसाला रात्री दहाला गुंगीची गोळी दिली तर बोट जातं. वेळ माहीत असली की डोस संध्याकाळी सातला हलवता येतो किंवा औषधच बदलता येतं. लिथियमवर कुणी असेल तर तसं ठळक लिहा, उन्हातान्हात घाम जाऊन पाणी कमी पडलं की रक्तात लिथियम चढतं. गावाकडं परत जाताना कागद सोबत हवा: औषधाचं नाव, मात्रा, पुढची तारीख. बीडकडच्या लोकांना अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालय जवळ पडतं. मध्येच अडलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठी-हिंदी दोन्हीत.

कडूलिंब

एवढं सगळं "संस्कृती"च्या खात्यात कशाला घालताय? उचल फिटत नाही, कमरेला पट्टा बांधून बाई मोळ्या उचलते, पाळीला रजा नाही, आणि आपण तिला श्वास मोजायला शिकवणार. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या प्रकरणांवर २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. ते संस्कृतीमुळं झालं काय?

शब्दवेध

मुद्दा बरोबर, आणि नेमका इथंच लॅटिनो साहित्यातला जास्त कामाचा भाग सापडतो. शहरातल्या क्लिनिकचं सोडा, शेतमजुरांबद्दलचं बघा. अमेरिकेच्या एच-२ए या शेतमजुरीच्या व्हिसावर येणारा हंगामी मजूर एका मालकाशी बांधलेला असतो. काम सोडलं की व्हिसाही गेला. अशा माणसाला "ठामपणे बोला" शिकवणं म्हणजे त्याला खड्ड्यात ढकलणं. उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी त्याच जागी उभी आहे. अमेरिकेत स्थलांतरित शेतमजुरांच्या आरोग्यासाठी १९६२ साली वेगळा कायदा झाला, आणि आरोग्यसेवा शेतापर्यंत नेण्याच्या कामात पुढं प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीतल्या प्रशिक्षित बायका, फार उपयोगी पडल्या.

श्वासाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेचा पीएम प्लस हा कार्यक्रम पाच भेटींचा, प्रत्येकी ९० मिनिटांचा. त्यात ताण हाताळणं, अडचणी सोडवणं, पुन्हा कामाला लागणं आणि आधार वाढवणं अशी चार साधनं आहेत. तळावर ९० मिनिटं मिळणार नाहीत, ४० धरा, आणि कापलेला कार्यक्रम तपासलेला नाही हे अहवालात लिहा. तिसरं साधन तर इथं तसंच्या तसं वापरूच नका. ते हातपाय गळालेल्या माणसाला हालचाल द्यायला आहे, आणि ही बाई चौदा तास उभी आहे. तिला हालचाल वाढवायला सांगणं हा विनोद होईल. तिच्या दिवसात तिच्या मर्जीचं असं काय उरलंय ते शोधा, दहा मिनिटांचं का असेना: बहिणीला फोन, वेणीफणी, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेल्या पैशातलं थोडं स्वतःकडं ठेवणं.

अडचणी सोडवण्याच्या साधनात सुटणाऱ्या आणि न सुटणाऱ्या अशी विभागणी करतात. इथं शिकाऊ समुपदेशक हमखास घसरतो. "उचल" हा शब्द ऐकला की थेट न सुटणाऱ्या खणात टाकून मोकळा होतो. उचल फेडणं या हंगामात सुटणारं नाही, मान्य. पण तिचा हिशेब मुकादमाच्या तोंडी राहू न देणं सुटतं. प्रत्येक खेपेच्या वजनपावतीचा फोटो, तारीख, आठवड्याला बेरीज. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाकडं नोंदणी झाली का, ओळखपत्र मिळालं का, रेशनकार्डावर इथं धान्य उचलता येतं का, गावाकडं ठेवलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह आहे का, हे चार प्रश्न प्रत्येक समुपदेशकाच्या वहीच्या पहिल्या पानावर हवेत. प्रशिक्षणात यासाठी पूर्ण दुपार ठेवा आणि कामगार संघटनेच्या माणसाला बोलवा, मानसशास्त्राच्या नाही.

करवीरवाट

आभार. आराखडा २ + २ + १ असा बदलतोय आणि प्रशिक्षकही चार करतोय. एक अडलेलं विचारतो. गोपनीयतेचं वचन आपण पहिल्याच वाक्यात देतो. तळावर सोळा-सतरा वर्षांच्या लग्न झालेल्या, गरोदर मुली भेटतात. तिनं वय सांगितलं की पुढं काय?

बालहक्क_टेबल

पुढं कायदा सुरू होतो, म्हणून वचन त्याआधी नीट द्यायचं. "तुम्ही सांगाल ते कुणालाही सांगणार नाही" हे वाक्य प्रशिक्षणातून हद्दपार करा. त्याऐवजी, पहिल्या दोन मिनिटांत: "तुमचं बोलणं मी मुकादमाला, नवऱ्याला, सासूला सांगणार नाही. पण तुमच्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलाचा-मुलीचा शरीरसंबंधाचा मामला असेल, तर मला कायद्यानं सांगावं लागतं. ते मी तुमच्याशी बोलूनच करीन." हे एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागतं आणि पोरं ते गिळतात, कारण त्यांना वाटतं माणूस बिचकेल. बिचकला तरी चालेल. आधी कबूल करून नंतर तक्रार करणं जास्त वाईट, एका तळावर एकदा झालं की पुढच्या दहा तळांवर दार बंद.

कायद्याची बाजू अशी. पोक्सोच्या (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकही त्यात आला. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि चांगल्या हेतूनं कळवलेल्याला संरक्षण आहे. लग्न झालंय ही पळवाट ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंद झाली, अठराखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच. हा निकाल अनेक प्रशिक्षकांना माहीत नसतो आणि ते "नवरा-बायको आहेत, आपलं काय" म्हणून सोडून देतात.

पण कळवणं म्हणजे तळावर जीप बोलावणं नव्हे. तिथं गाडी आली तर जोडीचं काम तुटतं, उचल अंगावर येते आणि पोरगी रातोरात गावाकडं पाठवली जाते, तपासण्या सुटतात. क्रम असा ठेवा: त्याच दिवशी देखरेख करणाऱ्याला सांगायचं, एकट्यानं ठरवायचं नाही. मग १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि बाल कल्याण समितीशी बोलून, मुलीची प्रसूतीपूर्व तपासणी चालू राहील अशी सोय लावून, लेखी कळवायचं. लेखी म्हणजे तारीख, वेळ, तिचे शब्द जसेच्या तसे, आणि तुम्ही काढलेले निष्कर्ष अजिबात नाहीत. वयाचा पुरावा शोधत बसू नका, तो पोलिसांचा प्रश्न. उशीर मात्र करू नका, "पुढच्या भेटीत बघू" असं फिरत्या टोळीबाबत नसतं.

ही अर्ध्या मिनिटाची वाक्यं आणि त्यानंतर मुलीनं "मग मी काही सांगत नाही" म्हटल्यावर काय बोलायचं, याचा तिघांच्या गटात वेगळा सराव घ्या. बरोबर उत्तर जवळपास असं: "नका सांगू. कंबर दुखते म्हणालात, तिथून सुरू करू. नंतर कधी वाटलं तर हा नंबर." मग खरंच कमरेबद्दलच बोला. २४ पैकी निम्मे तरी इथं पुन्हा वय काढायला जातील, निरीक्षकाला तेवढंच मोजायला सांगा.

टायरगाडी

आणि तो नंबर छापील कार्डावर देऊ नका. बाजाराच्या चिठ्ठीवर, किराणाच्या यादीखाली लिहून द्या.

मनोविकार_ओपीडी

वर एक राहिलं. देखरेखीचा गट सहाच्या पुढं नेऊ नका, म्हणजे २४ जणांना चार गट, आठवड्याला दोन तास, हंगाम संपेपर्यंत. पैसे कमी पडतात तेव्हा पहिल्यांदा हेच कापलं जातं. कापायचंच असेल तर उद्घाटन आणि फाइल-पेनाचं किट कापा. शेवटचे तीन आठवडे नवीन माणसं घेणं बंद करून फक्त निरोप आणि कागद: प्रत्येकाचा गाव, तालुका, तिथलं उपकेंद्र, औषध असेल तर चिठ्ठी. कारखान्याचा पट्टा पडायची (गळीत संपायची) तारीख शेती विभागाकडं आधी कळते, तिथं एखादी ओळख ठेवा. टोळ्या पट्टा पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी निघालेल्या असतात.